गरोदरपण आणि कुणाला न सांगता येणारी चामखीळ

हा लेख लिहावा की लिहू नये, या विचारात माझे दोन महिने गेले. लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं हे लिहायचं असतं तर हात चटकन चालला असता. पण काही विषय असे असतात, की कागद पुढं ओढला की आधी दाराकडं बघावं लागतं, सासूबाई तर येत नाहीत ना! आजचा विषय त्यातलाच आहे. तेव्हा मैत्रिणींनो, दुपारची भांडीकुंडी आवरून झाली असतील तर निवांत बसा आणि मधेच पान न उलटता वाचा.

त्याचं असं झालं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या मे महिन्यात माहेरपणाला आली होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पाचवा महिना लागलेला. शाळेत असताना ही मुलगी वर्गात कधी गप्प बसली असेल तर शपथ! पण त्या दिवशी आली ती नुसती चहाच्या कपाकडं बघत बसली. मी आपली डोहाळे काय लागलेत, सासरी काम फार पडतं का, असं काहीबाही विचारत होते. शेवटी म्हणाली, "बाई, आईला नाही सांगता येत. तुम्हांला सांगू का?" आणि एकदम रडायलाच लागली.

खालच्या नाजूक जागी तिला तिसऱ्या महिन्यात मसुराएवढ्या दोन पुटकुळ्या हाताला लागल्या होत्या. दुखत नव्हत्या, खाजही फारशी नव्हती, म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. पाचव्या महिन्यापर्यंत त्यांचा फुलकोबीच्या तुऱ्यासारखा झुबका झाला आणि एकदा आतल्या कपड्याला रक्ताचा डाग दिसला. तेव्हा घाबरून आईला घेऊन ती एका दवाखान्यात गेली. तपासणी झाली. बाहेर बाकावर दहा बायका बसलेल्या, आणि तिथल्या मदतनीस बाईंनी आतूनच मोठ्यानं विचारलं, "ती एच.पी.व्ही.वाली कोण? तिची चिठ्ठी न्या!"

आईनं ऐकलं 'एच.आय.व्ही.'

पुढचं काय सांगू? माऊलीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. जावयाला मनातल्या मनात शिव्याशाप देऊन झाले. कुठून तरी मावशीला कुणकुण लागली, तिनं घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा सल्ला दिला, नाहीच जमलं तर चुना आणि सोडा. पोरीनं रात्री जागून मोबाइलवर नको नको ती चित्रं पाहिली. नवऱ्याला फोनवर काही सांगितलंच नव्हतं. 'हे त्याच्याकडून आलं असेल तर?' हा एक विचार, आणि 'तो म्हणाला की तुझ्याकडूनच आलं, तर?' हा दुसरा. दुसऱ्या विचाराची भीती जास्त, हे तुम्हांआम्हांला वेगळं सांगायला नको.

मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. वैद्यकातलं मला काय कळणार? पण माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडं तिला घेऊन गेले. जाताना शाळेच्या सवयीनं कागदावर प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी त्या सगळ्या प्रश्नांना न रागावता उत्तरं दिली. पुढं मीही थोडं वाचलं. ते सगळं, त्या मुलीची परवानगी घेऊन आणि गावाचं नाव गाळून, तुमच्यापुढं मांडते आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू या. एच.पी.व्ही. म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. एच.आय.व्ही.शी त्याचं नावातल्या दोन अक्षरांपलीकडं काही नातं नाही. हा विषाणू रक्तात फिरत नाही. कातडीत आणि आतल्या नाजूक अस्तरात राहतो. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. शाळेतल्या पोरांच्या हातापायांवर ज्या चामखिळी उठतात, त्याही याच कुळातल्या! पण हातावरचे प्रकार वेगळे आणि जननेंद्रियांच्या जागी राहणारे वेगळे. या दुसऱ्या गटात सुमारे चाळीस प्रकार आहेत आणि त्यांची पुन्हा दोन घरं. एका घरातले चामखिळी उठवतात, पण कर्करोगाच्या वाटेला सहसा जात नाहीत. ६ आणि ११ क्रमांकाचे हे त्यांतले मुख्य. खालच्या जागेच्या दहापैकी नऊ चामखिळी यांच्याच. दुसऱ्या घरातले मात्र डोळ्यांना काहीच दाखवत नाहीत, गुपचूप गर्भाशयाच्या मुखाशी बसतात, आणि वर्षानुवर्षं तिथंच टिकून राहिले तर पुढं कर्करोग करू शकतात. त्यांत १६ आणि १८ हे सगळ्यांत वाईट. म्हणजे जी दिसते, जिच्यामुळं झोप उडते, ती चामखीळ बहुधा कर्करोगाची नसते. आणि ज्याची काळजी करायला हवी ते दिसतच नाही. आहे की नाही गंमत! (गंमत म्हणायची खरी, पण डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या पोरीच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला.)

आता 'आलं कुठून' हा प्रश्न. तो लपवण्यात अर्थ नाही. हा संसर्ग मुख्यतः शरीरसंबंधातून, त्या भागाच्या कातडीला कातडी लागून होतो. पण म्हणून लगेच कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. हा संसर्ग इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत दोनेक वर्षांत शरीर आपलं आपणच त्याला हुसकून लावतं. शिवाय विषाणू शिरल्यावर चामखीळ उठायला काही आठवडे लागतील, काही महिने लागतील, क्वचित वर्षंही जातील. तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं तेव्हा त्यानंही खालमानेनं हेच विचारलं, "म्हणजे माझ्याकडूनच ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाकडून आणि कधी, हे आता परमेश्वरालाही सांगता यायचं नाही. तुम्ही दोघं बाळाचं बघा." मला वाटतं, त्या दिवशी औषधापेक्षा या एका वाक्यानं जास्त काम केलं. निरोध वापरल्यानं धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही, कारण झाकलेल्या भागाबाहेरची कातडीही लागतेच. हेही त्यांनी सांगितलं, आणि नवराबायको दोघांसमोर सांगितलं, हे मला फार आवडलं.

मग गरोदरपणातच या चामखिळींनी असं डोकं का वर काढावं? तर दिवस गेले की शरीरातली संप्रेरकं बदलतात, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, आणि पोटातलं बाळ परकं मानलं जाऊ नये म्हणून आईची प्रतिकारशक्तीही थोडी वेगळ्या चालीनं चालते. एरवी निपचित पडलेल्या विषाणूचं त्यात फावतं. चामखिळी भराभर वाढतात, मऊ पडतात, पटकन रक्त येतं. बाळंतपण झालं की पुष्कळ जणींच्या त्या आपोआप आकसतात, कधी कधी नाहीशाच होतात. पण एक लक्षात ठेवा. गरोदरपणात अंगावरून रक्त गेलं तर 'चामखिळीचंच असेल' असं आपल्या मनानं ठरवायचं नाही. त्याची कारणं इतरही असतात, काही तातडीची असतात. लगेच दाखवायचं. आणि खाली हाताला लागलेली प्रत्येक गाठ चामखीळच असते असंही नाही. मूळव्याधीचा कोंब असतो, साधी कातडीची गुठळी असते, क्वचित उपदंशासारख्या रोगाचाही उठाव तसाच दिसतो. ते ओळखणं डॉक्टरांचं काम, मावशीचं नव्हे.

मावशीवरून आठवलं. घोड्याच्या केसाबद्दल मी चेष्टेनं लिहिलं, पण चुना, सोडा, बिब्बा हे प्रकार त्या जागी लावणाऱ्या बायका आहेत, आणि भाजून, पिकून, ताप भरून मग दवाखान्यात येतात. बिब्ब्यानं हाताची कातडी कशी उतते हे आपण जाणतो. मग त्या नाजूक जागेचं काय होत असेल! दुकानात मिळणारं हातापायांच्या चामखिळीचं औषधही तिथं चालत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चामखिळीवरची काही डॉक्टरी औषधंसुद्धा गरोदरपणात वर्ज्य आहेत. पोडोफायलिन आणि त्याच्या जातीची औषधं बाळाला अपाय करू शकतात, म्हणून ती द्यायची नाहीत. इमिक्विमोड नावाचं मलमही या काळात सहसा टाळतात. तेव्हा नणंदेला मागच्या वर्षी दिलेली ट्यूब कपाटात आहे म्हणून ती काढून लावू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलात तर आधी 'मला दिवस गेलेत' हे सांगा. सुरुवातीचे महिने असले तर पोटावरून कळत नाही ना!

गरोदरपणात जे चालतं, ते डॉक्टरांच्या हातूनच. ट्रायक्लोरो ॲसेटिक ॲसिड नावाचं द्रव्य काडीनं नेमकं चामखिळीवर लावतात. ते रक्तात शोषलं जात नाही. द्रवरूप नायट्रोजननं गोठवतात. झुबका मोठा असेल तर भूल देऊन कापून किंवा लेसरनं काढतात. लहानसहान आणि त्रास न देणाऱ्या असतील तर काहीच न करता बाळंतपणापर्यंत वाट बघणं, हाही एक रीतसर इलाज आहे, टाळाटाळ नव्हे. आमच्या या मुलीला दर आठवड्याला एकदा असं तीन वेळा ॲसिड लावलं. "मिरचीचा हात लागल्यासारखं दहा मिनिटं होतं बाई, मग थांबतं," असं तिचं वर्णन.

आता बाळाचं. तिचा पहिला प्रश्न तोच होता, आणि तुमचाही तोच असेल. हा विषाणू अंगात आहे एवढ्यानं बाळात व्यंग येत नाही. गर्भपात होतो असंही सिद्ध झालेलं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी याचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. बाळंतपणाच्या वेळी बाळाला विषाणूचा स्पर्श होऊ शकतो, पण बहुतेक बाळांचं शरीरही त्याला झटकून टाकतं. फार थोड्या मुलांच्या बाबतीत ६ आणि ११ हे प्रकार घशात, स्वरयंत्रावर मस उठवतात. मग आवाज घोगरा होतो, श्वासाला त्रास होतो, ते मस पुन्हा पुन्हा काढावे लागतात. आजार खरोखर कटकटीचा आहे, तेव्हा तो नाहीच असं मी म्हणणार नाही. पण किती जणांना? डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००३ साली प्रसिद्ध झाला, चामखिळी असलेल्या मातांच्या दर हजार बाळंतपणांमागं सुमारे सात मुलांना तो झालेला आढळला. म्हणजे ९९३ मुलं सुखरूप. मूल पाचेक वर्षांचं होईपर्यंत आवाज बसलेला राहिला, रडणं सतत घोगरं वाटलं, तर सर्दी म्हणून काढा पाजत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि गरोदरपणात चामखिळी होत्या हे न लाजता सांगा.

"मग सिझेरियनच करून टाका ना!" हे तिच्या आईचं म्हणणं. हे पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर कधी कधी डॉक्टरही होकार देऊन मोकळे होतात. पण केवळ हा विषाणू आहे म्हणून सिझेरियन करू नये, असंच वैद्यकशास्त्र सांगतं. सिझेरियननंही बाळाला विषाणू लागायचा पुरता थांबत नाही, आणि आईच्या पोटावर मात्र शस्त्रक्रिया होते. चामखिळींचा झुबका इतका मोठा असेल की बाळाची वाट अडेल, किंवा फाटून फार रक्त जाईल, तेव्हाच तो विचार. अंगावर पाजायलाही काही हरकत नाही.

दिसणाऱ्या चामखिळीचं इतकं झालं. न दिसणाऱ्या प्रकारांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

भारतात स्तनांच्या कर्करोगाखालोखाल बायकांना होणारा कर्करोग म्हणजे गर्भाशयमुखाचा. २०२२ सालच्या जागतिक अंदाजांनुसार आपल्याकडं त्या एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना तो झाला आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावल्या. या रोगामागं एच.पी.व्ही. आहे हे हॅराल्ड त्सुर हाउझन या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. १६ क्रमांकाचा प्रकार त्यांना १९८३ मध्ये सापडला, १८ क्रमांकाचा पुढच्या वर्षी, आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच्याही कितीतरी आधी पापानिकोलाउ नावाच्या ग्रीक डॉक्टरनं न्यूयॉर्कमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर पसरून बघायची तपासणी शोधली होती. आपण तिला पॅप स्मिअर म्हणतो ती हीच. त्यांच्या पत्नीनं अनेक वर्षं स्वतःच्या पेशी तपासायला दिल्या, तेव्हा कुठं निरोगी बाईची काच कशी दिसते हे त्यांना समजलं. तपासणीला नाव मात्र नवऱ्याचं. असो!

आणि हे सगळं परदेशातच घडलं असं समजू नका. आपल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे ना? ते, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था यांनी मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांत एक फार मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका! शेतात खुरपणाऱ्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या. त्यांचे चार गट केले. एका गटाची एकदाच एच.पी.व्ही.ची तपासणी केली, आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले. आठ वर्षांनी पाहिलं, तर त्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले होते. नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर! २००९ साली हे अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. आपल्याच बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा आपल्या शहरगावांतल्या शिकलेल्या बायकांना ठाऊक नसावा, याचं मला वाईट वाटतं. मलाही तो गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हता.

गरोदरपणात ही तपासणी करता येते का? येते. स्मिअर घ्यायचा राहून गेला असेल तर डॉक्टर या काळातही घेऊ शकतात. एखादा थेंब रक्त दिसेल, बाळाला धक्का लागत नाही. काही जण मात्र बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत थांबायला सांगतात, कारण बाळंतपणाच्या आसपास पेशींचं चित्र नीट वाचता येत नाही. स्मिअरमध्ये दोष निघाला तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीनं गर्भाशयमुख बघतात. तीही गरोदरपणात सुरक्षित आहे, आणि गरज वाटली तर बारीकसा तुकडाही तपासायला घेतात. गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतलं खरवडणं मात्र करत नाहीत. कर्करोगाआधीचे बदल दिसले, तरी प्रत्यक्ष कर्करोगाची शंका नसेल तर उपचार बाळंतपणानंतर करतात. हे बदल सावकाश चालीचे असतात, सहाएक महिन्यांनी बिघडत नाही, आणि काही जणींचे बाळंतपणानंतर आपणहून सुधारतात. ज्यांच्या गर्भाशयमुखाचा तुकडा पूर्वी अशाच कारणानं काढलेला आहे, त्यांनी पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना सांगावं. अशांचं बाळंतपण दिवस भरण्याआधी होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजून लक्ष ठेवता येतं.

लसीबद्दलही पुष्कळ जणी विचारतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या सर्व्हाव्हॅक या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर ती आहे. त्याआधीपासून परदेशी बनावटीची लस आपल्याकडं मिळत होतीच, पण किंमत ऐकूनच आपण परत फिरत होतो. नऊ ते चौदा वयात, म्हणजे शरीरसंबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी दिली तर ती सर्वांत उपयोगी. आधीच शिरलेल्या विषाणूवर ती इलाज नाही. गरोदरपणात ती घेऊ नये. पण एक मात्रा घेतली आणि नंतर कळलं की दिवस गेलेत, तर घाबरून भलतासलता निर्णय घेऊ नका. अशा स्त्रियांच्या बाळांना अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. उरलेल्या मात्रा बाळंतपणानंतर घ्यायच्या. अंगावर पाजत असताना घेतल्या तरी चालतात. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, कारण सगळेच प्रकार लशीत नसतात.

सप्टेंबरात आमची विद्यार्थिनी बाळंत झाली. सिझेरियन नाही, काही नाही. तोवर चामखिळींचा नुसता खवला उरला होता, तोही दिवाळीपर्यंत गेला. मुलगी झाली. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या वाड्यातून विचारायला आले! पोरीच्या आईनं मला बारशाला बोलावलं, ओटी भरली, आणि कानात म्हणाली, "मला मेलीला दोन अक्षरांतला फरक कळला असता, तर दोन दिवस उपास घडला नसता."

जानेवारीत तिला स्मिअरसाठी जायचं होतं. सोबतीला मला घेऊन गेली. आत जाण्याआधी एकदम वळून म्हणाली, "बाई, तुम्ही केलीय का हो ही तपासणी?"

वर्गात फळ्यावर चुकीचं लिहिल्यावर होतं तसं झालं मला. दोन बाळंतपणं झाली, तिशी उलटून पाच वर्षं झाली, आणि या सगळ्यात एकदाही मला ते सुचलं नव्हतं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "हिच्यानंतर तुम्ही या." पाच मिनिटं लागली. दुखलं नाही, थोडं अवघडल्यासारखं झालं इतकंच. दहा दिवसांनी दोघींचे कागद आले, दोघींचे चांगले. माझा मी पिठाच्या डब्यामागं ठेवणार होते. मग विचार बदलला आणि घरातल्या इतर कागदांच्या फायलीत, सगळ्यांना दिसेल असा लावला. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला. "मलाही न्यायला हवं होतंस की," म्हणाल्या. येत्या गुरुवारी आम्ही दोघी जाणार आहोत.